कोकणातील रणभूमी आणि जतन केलेली घरे यांचे छायाचित्रण: नवख्यांसाठी मार्गदर्शन

अलिबागच्या पुळणीवर मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन उभा राहिलो, तेव्हा पाठीवरच्या पिशवीत तीन भिंगे (लेन्स), दोन जादा बॅटऱ्या आणि एक तिपाई (ट्रायपॉड) होती. पंचांग मात्र पाहिलेले नव्हते. ओहोटीच्या वेळी चालत कुलाबा किल्ल्यात गेलो, सिद्धिविनायकाच्या देवळाजवळच्या पुष्करणीतील प्रतिबिंबात तासभर गुंतलो आणि परत निघालो, तर वाटेवर मांडीभर पाणी चढलेले होते. शेवटच्या फेरीला आलेल्या घोडागाडीवाल्याने मला आणि माझ्या पिशवीला वर ओढून घेतले आणि किनाऱ्यावर उतरवताना एवढेच विचारले, "दादा, आज तिथी कोणती, ते बघून निघाला होतात का?"

त्यानंतरच्या काही वर्षांत अलिबागपासून मालवणपर्यंत बऱ्याच फेऱ्या झाल्या, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून मगच मी घराबाहेर पडू लागलो. कोकणातील ऐतिहासिक लढायांच्या जागा आणि थोरामोठ्यांची वा साध्या कुटुंबांची जुनी घरे टिपण्यासाठी जे पहिल्यांदाच निघत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मोबाइलवर छायाचित्रे घेणाऱ्यांनाही यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

१. प्रथम ठिकाणे ठरवा, आणि ती थोडी ठेवा

पानिपतासारखे मोकळे मैदान कोकणात शोधायला गेलात, तर निराशा होईल. इथल्या महत्त्वाच्या लढाया बहुतांशी पाण्यावर, खाडीच्या मुखाशी किंवा बेटावरच्या तटाखाली झाल्या. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी तो अडवण्याचा प्रयत्न केला, ती लढाई थळच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या पाण्यात झाली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागवर चाल केली आणि ती फसली. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सने हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला, तर फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराचा ॲडमिरल वॉटसन आणि सेनानी क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. जमिनीवरची लढाई टिपायची असेल, तर खालापूर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेली उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी मुघल सरदार कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी तिथे कोंडली.

घरांची यादी याहून सोपी आहे. रत्नागिरीच्या टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान (जन्म २३ जुलै १८५६), त्याच शहरातील थिबा राजवाडा, गणपतीपुळ्याजवळ मालगुंड येथील केशवसुतांचे जन्मघर, दापोली तालुक्यात पालगड येथील साने गुरुजींचे घर आणि पेण तालुक्यातील विनोबांचे गागोदे एवढी ठिकाणे नवख्या माणसाला दोन-तीन सहलींना पुरतात. मुरूडचा नबाबांचा राजवाडा मात्र यादीत घालताना हे लक्षात घ्या की ती खासगी मालमत्ता आहे. रस्त्यावरून जे दिसते तेवढ्यावर समाधान मानावे लागते आणि फाटकाशी हुज्जत घालून काही मिळत नाही.

एका दिवसात एक किल्ला आणि एक घर, यापलीकडे जाऊ नये. नकाशावर हर्णै आणि पालगड जवळ दिसतात. प्रत्यक्षात घाटवळणांच्या रस्त्याला वेळ लागतो आणि उजेड आपल्यासाठी थांबत नाही.

२. कागदपत्रे आणि परवानग्या

कोकणातील किल्ल्यांचे मालक वेगवेगळे आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि रायगड हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. खांदेरी राज्य शासनाकडे आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांपैकी खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे ५ किल्ले कोकणातील आहेत. तिथे आता पहारा आणि चौकशी वाढली, तर नवल वाटू नये.

हातात धरलेल्या कॅमेऱ्याने स्वतःसाठी छायाचित्रे घेण्याला केंद्र-संरक्षित स्मारकांवर सहसा आडकाठी नसते. तिपाई लावली, परावर्तक (रिफ्लेक्टर) उघडला, दिवे आणले किंवा चलचित्रण सुरू केले, की लेखी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. केंद्र-संरक्षित किल्ल्यांसाठी सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे आणि राज्य-संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे अर्ज करावा लागतो. एका किल्ल्याच्या दारात माझी तिपाई ठेवून घेतली गेली आणि वाद घालण्यात माझा सकाळचा उजेड संपला. चूक माझीच होती, कारण मी फोनवर कुणाशी तरी बोललो होतो आणि हातात कागद काहीच नव्हता. तोंडी होकार हा होकार नव्हे, एवढे त्या दिवशी समजले.

ड्रोनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नवख्याने तो घरी ठेवावा असेच माझे मत आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र नॅनो गटात मोडते आणि त्याला काही सवलती आहेत. पण त्या सवलतींमुळे संरक्षित स्मारकावर ते उडवण्याची मुभा मिळत नाही. त्यात रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाशी संबंधित आहे आणि सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ २०२१ पासून सुरू आहे, त्यामुळे हवाई क्षेत्राचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा पाहिल्याशिवाय रत्नागिरी-मालवण परिसरात काहीही वर सोडू नका.

बरोबर ठेवायचे कागद असे:

– मूळ ओळखपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स प्रती;
– परवानगी घेतली असल्यास तिची छापील प्रत (किल्ल्यावर फोनला रेंज मिळेलच असे नाही);
– एखाद्या संस्थेसाठी काम करत असाल, तर तिचे पत्र;
– घरांना भेट द्यायची असल्यास, ज्यांनी तुम्हाला पाठवले त्यांचे नाव आणि शक्य असेल तर त्यांनी आधी केलेला फोन. हा कागद नसला, तरी कोकणात सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो हाच.

३. दिवस तारखेने नव्हे, तिथीने निवडा

हा टप्पा मी सर्वांत सविस्तर सांगणार आहे, कारण सहलीचे यशापयश इथेच ठरते.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वेळेच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-सव्वाअकराला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब अंदाजाचा आहे. मालवणकडे जाताना वेळ काहीशी बदलते आणि पाणी चढण्या-उतरण्यातील फरकही उत्तरेपेक्षा कमी होतो. म्हणून नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील तक्ते पाहावेत आणि धक्क्यावरच्या तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) विचारून खात्री करावी. पण महिनाभर आधी घरी बसून दिवस निवडायला पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे.

आता हाच हिशेब उजेडाशी लावून पाहा. पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्या पुढचे एक-दोन दिवस उधाणाचे असतात. पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही. या दिवसांत ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास येते, म्हणजे छायाचित्रकाराला हव्या असलेल्या कोवळ्या आणि तिरप्या उन्हाच्या वेळीच. खडक उघडे पडतात, पुळणीवर ओल्या वाळूचा आरसा तयार होतो आणि तटाचा एरवी पाण्याखाली असलेला पाया दिसू लागतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा ओहोटी भर दुपारी बाराला येते आणि पाणीही फारसे हटत नाही. उजेडही वाईट आणि वाटही ओली. मी कुलाब्याला अडकलो तो दिवस असाच होता: ओहोटी पूर्ण होऊन गेल्यावर मी आत शिरलो होतो आणि भांगाच्या ओहोटीने वाट मुळातच नीट मोकळी केली नव्हती.

यात एक सापळा आहे. उधाणाच्या दिवशी संध्याकाळची ओहोटी मोहात पाडते. सूर्यास्त टिपून परतू असे वाटते. संरक्षित स्मारके सूर्यास्ताला बंद होतात हे एक, आणि अंधारात ओल्या खडकांवरून पाणी चढत असताना चालणे हे दुसरे. कुलाब्यासाठी उधाणाच्या दिवशी सकाळ निवडा: उजाडताच निघा, किल्ल्यात तासभर थांबा आणि पाणी वाटेवर चढण्याच्या आत वाळूवर या. संध्याकाळचा उजेड किनाऱ्यावरूनच टिपा. सूर्य किल्ल्यामागे बुडत असल्याने तटाची काळी आकृती किनाऱ्यावरूनच अधिक चांगली मिळते.

दिशेचा हिशेबही एकदाच समजून घ्यावा. कोकणात समुद्र पश्चिमेला आहे, म्हणून किनाऱ्यावरून समुद्रातल्या किल्ल्याकडे पाहताना सकाळी ऊन आपल्या पाठीशी आणि तटाच्या तोंडावर असते. जंजिऱ्याचा महादरवाजा राजपुरीच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला तोंड करून आहे आणि होडी अगदी जवळ गेल्याशिवाय तो उलगडत नाही. त्याच्यावरची शिल्पे पाहायची तर सकाळची पहिली फेरी गाठा. दुपारनंतर गेलात, तर दरवाजा सावलीत आणि मागचे आकाश पांढरेफटक मिळते.

पावसाळ्यात जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत आवडतो. हवा स्वच्छ असते आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दुपारीही सावल्या लांब पडतात. मे महिन्यात क्षितिज धुरकट होते, शिवाय मालवणच्या धक्क्यावर गर्दी इतकी असते की रांगेतच ऊन डोक्यावर येते.

४. सामान

कमी न्यावे. जवळपास २४ ते ७० मिलिमीटरचे एक भिंग नव्वद टक्के कामे करते. दूरच्या तटासाठी किंवा खिंडीसाठी एक लांब पल्ल्याचे भिंग जोडीला पुरते. प्रकाश ध्रुवित करणारा फिल्टर (पोलरायझर) पाण्यावरची चमक कमी करतो आणि जांभ्याचा तांबूस रंग उठून दिसतो, म्हणून तेवढा जरूर घ्या. एक होकायंत्र (फोनमधले चालेल), छोटी वही, पेन्सिल, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या आणि सुती कापडाचे चार तुकडे एवढे झाले की पिशवी बंद करा.

खारा वारा हा इथला खरा शत्रू आहे. होडीत किंवा पुळणीवर भिंग बदलू नका. संध्याकाळी खोलीवर आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने कॅमेऱ्याची बाहेरची बाजू पुसा आणि तिपाईचे पाय उघडून धुवा. मी आळस केला त्या वर्षी तिपाईचा एक सांधा मिठाने कायमचा धरला. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून थेट बाहेर आलात, तर भिंगावर धुके बसते आणि तेही नेमके सूर्योदयाच्या वेळी. कॅमेरा पिशवीतच ठेवून पिशवी अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

५. होडी आणि किल्ल्यावरचा वेळ

सिंधुदुर्ग आणि जंजिरा येथे होडीवाले तास-पाऊण तासाने परत बोलावतात. सिंधुदुर्गाचा तट सुमारे तीन किलोमीटर फिरतो, त्यामुळे एवढ्या वेळात सगळे पाहण्याचा प्रयत्न केलात, तर एकही छायाचित्र धड मिळणार नाही. तिकीट काढतानाच तांडेलाला विचारा: "दादा, पुढच्या फेरीने परत आलो तर चालेल का?" गर्दी नसेल, तर बहुतेक वेळा होकार मिळतो, थोडे जास्त पैसे मागितले, तर द्यावेत. हे बोलणे किल्ल्यावर उतरल्यावर नव्हे, धक्क्यावर निघण्यापूर्वी करायचे असते.

होडी हलत असते, म्हणून शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका. पांढरे आकाश आणि काळपट जांभा एकाच चौकटीत आले, की कॅमेरा गोंधळतो आणि तट कोळशासारखा येतो. थोडे जास्त उजळ टिपा, शक्य असेल तर कच्च्या (रॉ) स्वरूपात साठवा. किल्ल्यात शिरल्यावर दरवाजाची रचना आधी पाहावी. सिंधुदुर्गाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत दडलेला आहे. तो समोरून दिसतच नाही, आणि नेमके तेच छायाचित्रात आले पाहिजे. म्हणून दहा पावले मागे या, दोन्ही बुरूज चौकटीत घ्या आणि वाट कशी वळते ते दाखवा. जंग्यांतून (तटातल्या गोळीबाराच्या भोकांतून) बाहेर पाहणारे एक चित्र घ्या. पहारेकऱ्याला जेवढे दिसत होते, तेवढेच ते वाचकाला दाखवते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी विसरू नका, कारण खाऱ्या पाण्याच्या मधोमध किल्ला लढू शकला तो यांच्या जोरावर.

तटावर चढण्यासाठी झाडांच्या मुळांचा आधार घेऊ नका, तोफेवर बसू नका आणि कुणाला बसवून छायाचित्र काढू नका. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. किल्ल्यातील देवळांत आणि शिवराजेश्वर मंदिरात कॅमेरा उचलण्याआधी पुजाऱ्यांना विचारा.

६. युद्ध दिसत नाही, मग टिपायचे काय

रणभूमीवर पोहोचलेल्या नवख्याला पहिला धक्का बसतो तो हाच. विजयदुर्गाच्या बुरुजावर उभे राहिलात की खाली शांत खाडी, दोन-चार मच्छीमार होड्या आणि पलीकडची हिरवी टेकडी दिसते. यात युद्ध कुठे आहे?

माझा उपाय असा आहे की लढाईचा वृत्तान्त आधी वाचावा आणि त्यातून फक्त तीन गोष्टी वहीत उतरवाव्यात: हल्ला करणारे कुठून आले, बचाव करणारे कुठे उभे होते आणि मधली जमीन किंवा पाणी कसे होते. मग या तिन्ही जागांवरून एकेक चित्र घ्यावे.

विजयदुर्गाचेच उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनची लढाऊ जहाजे वाघोटण खाडीच्या मुखातून आत शिरली आणि किल्ल्याच्या उत्तर अंगाला नांगरून तोफा डागू लागली. आंग्र्यांचे आरमार तिथेच किल्ल्याच्या आश्रयाला उभे होते. एका जहाजाला लागलेली आग दुसऱ्याला लागत गेली आणि ते आरमार जळाले. क्लाइव्हने आपले सैन्य जमिनीवर उतरवून किल्ल्याची गावाकडची वाट रोखली. म्हणजे पाहण्याच्या जागा तीन. उत्तरेच्या बुरुजावरून खाडीचे मुख: पलीकडचा किनारा रत्नागिरी जिल्ह्यात येतो आणि मधले पाणी किती अरुंद आहे, हे दोन्ही काठ एका चौकटीत घेतले की लगेच कळते. दुसरी जागा गावाच्या बाजूची, जिथून किल्ल्याचे एकामागे एक चढत गेलेले तट दिसतात. तिसरी खाडीत आत, जिथे आंग्र्यांची जहाजे बांधायची आणि दुरुस्त करायची गोदी होती. उत्तरेकडे तोंड करून घेतलेल्या चित्राचा एक फायदा असा, की हिवाळ्यात सूर्य दिवसभर पाठीमागे दक्षिणेला असतो आणि दुपारी दोन वाजताही काम होते.

हर्णैला उलट करा. तिथे किनाऱ्यावरच्या कनकदुर्गाच्या टेकाडावर उभे राहून समोरचा सुवर्णदुर्ग टिपा आणि मधली सामुद्रधुनी चौकटीत येऊ द्या. किनाऱ्यावरचे छोटे किल्ले आणि बेटावरचा मोठा किल्ला एकमेकांना कसे राखत होते, ते त्या एकाच चित्रात येते. संध्याकाळी खाली बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. तो जरूर पाहा, पण बोली लावणाऱ्या बायकांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. त्या कामावर असतात आणि त्यांचे शब्द फार धारदार असतात, हे मी अनुभवाने सांगतो.

उंबरखिंडीत बहुतेक जण चूक करतात ती भिंगाची. दरी मोठी दिसावी म्हणून रुंद कोनाचे भिंग लावले, की डोंगर बुटके होतात आणि खिंड मैदानासारखी पसरते. कारतलबखानाची फौज कोंडली गेली ती दोन्ही अंगांच्या चढणींमुळे आणि पुढची-मागची वाट अडवल्यामुळे. म्हणून खाली, अंबा नदीच्या बाजूला उभे राहा, लांब पल्ल्याचे भिंग लावा आणि दोन्ही उतार चौकटीच्या कडांवर दाबून आणा. पाने झडलेल्या फेब्रुवारीत गेलात, तर उतारावरची झुडपे विरळ असतात आणि लढाईही त्याच महिन्यात झाली होती. पावसाळ्यातले हिरवेगार चित्र सुंदर येते, पण त्या दिवसाशी त्याचा मेळ बसत नाही.

७. घरात शिरताना

किल्ल्याला मालक असतो तो कागदावर. घराला मालक असतो तो ओटीवर बसलेला. स्मारक झालेल्या घरांत नियम फलकावर लिहिलेले असतात आणि ते पाळले की झाले. साप्ताहिक सुट्टी फोन करून विचारून घ्या, फ्लॅश वापरू नका आणि काचेच्या पेटीतील कागदपत्रांवर दिवा पाडू नका. थिबा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधला गेला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. बाहेरून राजवाड्याचे चित्र सगळेच घेतात. तुम्ही आतल्या अर्धवर्तुळाकार कमानीच्या खिडकीपासून चार पावले मागे उभे राहून बाहेरचे आकाश आणि आतला अंधार एकत्र टिपा. नजरकैदेतल्या राजाचे घर त्या चित्रात अधिक दिसते. टिळकांच्या जन्मघरी २३ जुलै आणि १ ऑगस्टला गर्दी असते, तेव्हा इतर दिवस निवडा.

राहत्या घरांची गोष्ट वेगळी आहे. राजापूर तालुक्यातल्या एका शंभर वर्षांहून जुन्या घरात मी एका नातलगाच्या ओळखीने गेलो होतो. चपला खळ्यात काढल्या, पडवीत उभा राहून हाक मारली आणि आजी बाहेर आल्यावर विचारले, "आजी, घराचे फोटो काढले तर चालतील का?" त्यांनी मला आपादमस्तक पाहिले आणि म्हणाल्या, "घराचे काढ. माझा नको. आणि देवघराकडे फिरकू नकोस." मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही, ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून चहा घेतला, माझे गाव, आडनाव, आईचे माहेर असे सगळे सांगून झाले. अर्ध्या तासाने त्या स्वतःच उठल्या आणि म्हणाल्या, "बळद बघितलास का? चल, दाखवते." भात साठवायचे ते बळद माजघराच्या जमिनीखाली होते आणि त्याच्या तोंडावरच्या फळ्यांना हातांच्या घासण्याने काळी झिलई आली होती.

त्या माजघरात उजेड येत होता तो छपरातल्या एकाच काचेच्या कौलातून. उन्हाचा हातभर तुकडा शेणाने सारवलेल्या जमिनीवर सरकत होता आणि अकराच्या सुमारास तो कोपऱ्यातल्या जात्यावर येणार होता, हे मला त्याच्या चालीवरून दिसत होते. मी पाऊण तास थांबलो. जात्याची पाळ, खुंटा आणि भोवती पडलेले चार तांदळाचे दाणे एवढेच उजळले आणि बाकीचे घर अंधारात राहिले. त्या दिवशी घेतलेल्या साठ चित्रांपैकी मी ठेवले आहे ते हेच एक.

अशा अंधारासाठी काही सूचना. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ८०० ते १६०० ठेवा, खांबाला खांदा टेकवा आणि श्वास सोडून १/१५ सेकंदाला टिपा. सारवलेल्या जमिनीवर तिपाईचे टोकदार पाय लावले, तर भोके पडतात आणि ती बुजवायला घरातल्या बाईला पुन्हा सारवावे लागते. पायांना रबरी टोप्या घाला किंवा खाली जाड कापड घडी करून ठेवा. उजेड खिडकीच्या हिशेबाने मोजा आणि सावल्या नंतर उघडा. उलटे केलेत, तर खिडकीच्या जागी पांढरे भोक येते. वर पाहा: आढे, वासे आणि नळीची कौले यांची वीण हे घराचे अर्धे शास्त्र असते. पावसाळ्यात गेलात, तर पडवीला झापांचा आडोसा केलेला असतो आणि आतला उजेड आणखी कमी होतो, हे धरून चला.

काय टिपू नये, हेही सांगतो. देवघर आणि सोवळ्याची जागा विचारल्याशिवाय नाही. बायका-मुले त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाहीत. कुलपे, कपाटे आणि जुन्या पितळी वस्तूंचा साठा अजिबात नाही. कोरीव दरवाजे आणि जुनी भांडी विकत घेणारे लोक गावोगाव फिरत असतात आणि तुमचे चित्र त्यांच्यासाठी पत्ता ठरू शकते. चित्र प्रसिद्ध करताना फाइलमधील ठिकाणाची नोंद काढून टाका आणि गावाऐवजी तालुक्याचे नाव द्या.

८. नोंदी

त्याच रात्री वही उघडा. प्रत्येक चांगल्या चित्रापुढे तारीख, तिथी, वेळ, उभे राहण्याची जागा आणि होकायंत्राची दिशा लिहा. वाचलेली माहिती आणि ऐकलेली माहिती वेगळ्या रकान्यांत ठेवा, कारण मथळ्यात घोटाळा होतो तो इथेच. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवताना १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी तिथून हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. मीही माझ्या पहिल्या चित्राखाली तसेच लिहिले होते. लॉकयर यांनी सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा पाहिली ती ऑक्टोबर १८६८ मध्ये, आणि तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. ओट्यांचे चित्र घ्यायला हरकत नाही. खाली "ग्रहणाच्या निरीक्षणाशी स्थानिक लोक जोडतात" असे लिहावे.

शेवटचे काम घरमालकांना छापील प्रती पाठवण्याचे. मोबाइलवर पाठवलेले चित्र त्यांच्या नातवाकडे जाते आणि तिथेच हरवते. हातात धरता येईल अशा आकाराच्या दोन प्रती महिन्याच्या आत टपालाने पाठवा. पाकिटावर गावाबरोबर वाडीचे नाव लिहायला विसरू नका. एका गावात एकाच आडनावाची दहा घरे असतात आणि पोस्टमनला घर कळते ते वाडीवरून.